शिंगाड्याची हिरवी पानं

तळ्याकाठी शिंगाडे विकणाऱ्या मावशी आधी एक शिंगाडा सोलून गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवतात, मगच भाव सांगतात. काल माझ्याही हातावर ठेवला. पांढराशुभ्र, दुधाळ. मला तो तोंडात घालवेना.

वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडतात. तिथलं शिसं नाल्यातून तळ्यात उतरतं आणि तळ्यातून वेलीत. हे शिंगाडे प्रयोगशाळेत मीच तपासले होते. मी मावशींना तसं सांगितलं.

"पाण्यात काही असतं तं पानं आधी करपली असती ना, बाई?"

पानं खरंच हिरवीगार होती. वेलीला नाही म्हणता येत नाही. मुळाशी येईल ते ती घेते, पोटात ठेवते, आणि पानावर तक्रारीचा एक पिवळा डागही उमटू देत नाही.

टोपलीशेजारी फडक्यावर निवडक, टपोरे शिंगाडे होते.

"ते विकायचे नाहीत," मावशी हसल्या. "पोरीला सातवा महिना लागला."

मी त्यांचा हात धरला. "मावशी, तिला नका देऊ हो."

माझा चेहरा पाहून त्यांचं हसू मावळलं. त्यांनी फडक्याकडे पाहिलं, मग पानांकडे.

"रोज देत होते," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं सोलून."