आतली बाई, बाहेरची बाई

नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं मिळून एक मालिका बघायचो. तो, मी आणि सासूबाई. मालिका परदेशी, हिंदीत डब केलेली. तिच्यातल्या कंपनीत शिरताना माणसाची घरची आठवण पुसली जाई आणि सुटताना कामाची. म्हणजे मालिकेची नायिका आत एक बाई, बाहेर दुसरी, शरीर तेवढं एकच.

पहिला भाग संपल्यावर नवरा म्हणाला, "मला असं करून मिळत असेल तर उद्याच सही करतो." तो न्हावा शेवाजवळच्या एका कंटेनर यार्डात क्रेन चालवतो.

"म्हंजे दिसभर मी तुजी आई नाय?" सासूबाई म्हणाल्या.

मी हसले. मोह मलाही होताच. पनवेलच्या आमच्या फ्लॅटमधूनच मी परदेशी ग्राहकांच्या तक्रारी फोनवर घेते आणि त्यांच्याशी कंपनीने दिलेल्या वेगळ्याच नावाने बोलते. दाराआडून तो आवाज ऐकून सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, "ती बाय लय गोड बोलतं गो. संध्याकाली सैपाकाला तिलाच पाठव."

पण मालिकेतल्या आतल्या बाईची त्यांना खरोखरच काळजी लागली.

"तिला सुट्टी कवा?"

"कधीच नाही," मी म्हटलं. "ती घरी जायला दारातून निघते, आणि तिच्या लेखी लगेच दुसरा दिवस उजाडतो."

"तिनं सही केली?"

"बाहेरचीने केली."

"आई, दोघी एकच आहेत," नवरा म्हणाला.

"एकच हायेत, तर तिला इचारलं का नाय?"

वाद जेवणापर्यंत चालला. आपल्या लग्नालाही वडिलांनीच परस्पर हो म्हटलं होतं, असं सासूबाई म्हणाल्या. पण मागाहून माहेरी जाऊन मनसोक्त रडता तरी आलं होतं. "हिला तर रडायला माहेर पन नाय."

पुढच्या एका भागात आतल्या बाईच्या हाताला यंत्राने जखम झाली. संध्याकाळी बाहेरचीला कंपनीने सांगितलं, तुम्ही जिन्यात घसरलात. ती घरी जाऊन पट्टीकडे बघत बसली. एवढ्यात नवऱ्याने रिमोट घेऊन टीव्ही बंद केला.

"गेल्या आठवड्यात यार्डात एकाचा पाय ट्रेलरखाली आला," तो म्हणाला. "मी क्रेनवरून उतरून धावलो. आम्ही चौघांनी त्याला बाहेर काढलं."



"मंग त्या दिशी तू जेवलास कसा?" सासूबाईंनी विचारलं.

"जेवलो नव्हतो. ॲसिडिटी झालीय म्हणालो. तूच ताट उचललंस." मग म्हणाला, "पाय वाचला. रोज हॉस्पिटलात जातो त्याला बघायला. तुम्हाला ओव्हरटाइम सांगत होतो."

मला राग आला, आणि त्याच्याजवळ सरकून बसावंसंही वाटलं. मी सरकून बसले.

तो माणूस घरी आल्यावर आम्ही तिघं उरण नाक्यावर त्याच्याकडे गेलो. सासूबाईंनी करंजा बंदरावरून आलेली सुकट बांधून घेतली होती. तो पलंगावर पाय पसरून बसला होता, पाय प्लास्टरमध्ये. त्याच्या बायकोने चहा केला.

"चाची, तुमचा मुलगा नसता तर मी इथं नसतो," तो सासूबाईंना म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "पण भाभी, याचं गाणं बंद करा! वायरलेसवर दिवसभर जुनी गाणी. सुपरवायझरची नक्कल तर अशी करतो की आमची हसून हसून पोटं दुखतात."

मी नवऱ्याकडे बघितलं. घरी हा माणूस कधी गुणगुणतही नाही. त्याचे कान लाल झाले होते आणि तो चहाच्या कपात बघत होता. मला थोडा हेवा वाटला त्या यार्डाचा. तिथे माझा नवरा गातो, आणि ते मला ठाऊकच नव्हतं.

मालिका आम्ही नंतर पूर्ण केली. शेवट मला पटला नाही, सासूबाई तर निम्म्यातच झोपल्या. नवऱ्याने कामावरचं सगळं घरी आणावं, असं मला अजूनही वाटत नाही. काय दाराबाहेर ठेवायचं ते त्याचं त्याने ठरवावं. हल्ली तो जेवताना एखादी गोष्ट सांगतो. कधी कुठला ड्रायव्हर रांगेत झोपून गेला ते, कधी कुणाला मुलगी झाली ते. काही दिवस काहीच सांगत नाही. तेव्हा सासूबाई विचारतात, "आज जेवनार ना रं?" आणि त्याच्या पानात आणखी एक भाकरी टाकतात.