दिनेशवाचून अडत नाही

“शटडाऊनमध्ये रजा? मॅडम, अठरा वर्षं तुम्ही याच लाइनमध्ये काढलीत, आणि तुम्ही मला हे विचारताय?”

केतकर साहेबांनी माझं पत्र वाचलं, त्याची घडी घातली आणि टेबलावरून माझ्याकडे परत सरकवलं. दाराशी दिनेश हेल्मेट काखेत धरून उभा होता. त्याला बसायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मीच सांगितलं, “बस रे, खुर्चीचं भाडं नाही लागत इथे.” तो बसला, तो खुर्चीच्या कडेवर.

कुवेतमध्ये अहमदीच्या बाहेर एका कॉन्ट्रॅक्टरच्या साइट ऑफिसमध्ये आम्ही होतो; केतकर साहेब तिथले मॅनेजर. शटडाऊन म्हणजे रिफायनरीचं एक अख्खं युनिट बंद करून त्याची दुरुस्ती करायची. दिवस मोजून मिळतात आणि एकाही माणसाला रजा मिळत नाही. स्वतःच्या लग्नालाही नाही; हे मी गंमत म्हणून सांगत नाही, दोन लग्नं पुढे गेलेली मला माहीत आहेत. आणि मी मागत होते दिनेशसाठी तीन दिवस, तेही बेसबॉल खेळायला!

मी खेळाडूंची एजंट आहे. असं सांगितलं की लोक आधी माझ्या नवऱ्याकडे बघतात. तो बिचारा अबू हलीफातल्या आमच्या घरी शांतपणे टीव्ही बघणारा माणूस, त्याला ऑफसाइड आणि एलबीडब्ल्यूतला फरक सांगता येणार नाही. मी आधी अठरा वर्षं इथल्याच अशाच एका कंपनीत कॉन्ट्रॅक्ट्सच्या कामाला होते. आपली कोकणातली पोरं शुक्रवारी कंपन्यांच्या टीममधून क्रिकेट खेळायची, कंपनी काय कागद पुढे करेल त्यावर न वाचता सही ठोकायची, आणि गुडघा गेला की घरी बसायची. शेजारच्या एकाचा कागद मी सहज वाचून दिला. मग दुसऱ्याचा. आज खैतानमधल्या एका छोट्या स्पोर्ट्स मॅनेजमेंट कंपनीत तेच काम मी पगार घेऊन करते. कुठली टीम कुणाला घेणार, याबद्दल टीमचे मॅनेजर आधी मला फोन करतात. हे सुरुवातीला मला फार आवडायचं. आता मी फोन सायलेंटवर ठेवते.

दिनेश गुहागर तालुक्यातला. वय एकोणतीस. स्कॅफोल्डर म्हणून आला, म्हणजे उंचावर काम करणाऱ्यांसाठी पाइप आणि फळ्यांचा सांगाडा उभा करणारा. पुढे परीक्षा देऊन इन्स्पेक्टर झाला. सांगाडा पक्का आहे हे तपासून त्यावर हिरवा टॅग लावून सही करायची, हे त्याचं काम. त्या सहीशिवाय वर एक माणूस चढू शकत नाही. त्याच्याच साइटवर बेन नावाचा फिलिपिनो फोरमन आहे, हाताखाली कामगारांची एक गँग असलेला. बेन आणि त्याचे गाववाले शुक्रवारी अहमदीत बेसबॉल खेळतात. एकदा त्यांना माणूस कमी पडला आणि त्यांनी दिनेशला क्रिकेटमध्ये बाउंड्रीवरून फेक करताना पाहिलेलं होतं. बेनने त्याला उचललं ते सोडलंच नाही. दोन वर्षं घासून त्याला पिचर केला. पिचर म्हणजे आपल्या बोलरसारखाच, पण हा पळत येत नाही आणि चेंडूचा टप्पाही पाडत नाही. उभ्या जागेवरून फेकतो.

दुबईत बेसबॉलची एक प्रोफेशनल लीग आहे. मी तिथे बेनने काढलेले व्हिडिओ पाठवले आणि चार महिने त्यांच्या मागे लागले. शेवटी त्यांनी ट्रायलला बोलावलं. मंगळवार आणि बुधवार. या वयाला बेसबॉलमध्ये पहिली ट्रायल सहसा कुणी देत नाही. दुसरी तर कुणीच देणार नव्हतं.

आणि घोडं अडलं होतं ते एक्झिट परमिटवर. हल्ली कुवेतमध्ये खासगी कंपनीत काम करणाऱ्याला देशाबाहेर जायचं तर कंपनीची ऑनलाइन मंजुरी लागते. कंपनीने बटण दाबलं नाही तर तिकीट खिशात असूनही माणूस एअरपोर्टवरून परत येतो. कंपनीचं बटण म्हणजे केतकर साहेब.

“साहेब, अडचण काय ते सांगा. ‘नाही’ हे मला कळलं. का नाही?”

“का म्हणजे? टॅगवर याची सही लागते. हा गेला की सगळं ठप्प होईल. Who will answer to the client? तुम्ही?”

“बरं. शटडाऊनचं शेड्यूल बघायला मिळेल?”

“कशाला?”

“सवय आहे मला. बघितल्याशिवाय झोप येत नाही.”

साहेब पुण्याचे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, पण प्रिंट दिली. माणूस वाईट नाही. डोक्यावर क्लायंट बसलेला असला की कुणीही असाच वागेल.

दोन दिवस मी ते शेड्यूल घेऊन बसले. स्वयंपाक नवऱ्याने केला, त्याबद्दल न बोललेलं बरं. शेड्यूल बघता बघता माझ्या लक्षात आलं, नवे सांगाडे उभे करायचं काम रविवारी संपतंय. काढायचं काम त्यानंतर अकरा दिवसांनी, गुरुवारी सुरू होतंय. मधले दिवस वर फिटर आणि वेल्डर काम करणार, स्कॅफोल्डिंगचं नवीन काही नाही. आणि एकदा तपासलेला टॅग सात दिवस चालतो. म्हणजे दिनेशने सोमवारी सकाळी सगळे टॅग नव्याने तपासून सह्या केल्या, तर पुढच्या सोमवारपर्यंत त्याच्या सहीची गरजच नव्हती! मी जागेवरच टाळी वाजवली.

एक भोक राहिलं होतं. जोराचा वारा सुटला की सात दिवसांचा नियम संपतो, सगळे सांगाडे पुन्हा तपासावे लागतात. साहेब तेच विचारणार हे मला ठाऊक होतं. म्हणून मी बेनला फोन केला. बेन म्हणाला, “मॅडम, इन्स्पेक्टर का कार्ड मेरे पास भी है. व्हॅलिड है. कोई पूछता नहीं.” फोरमन झाल्यापासून त्याचं नाव इन्स्पेक्टरांच्या यादीतून गळलं होतं, बस्स.

गुरुवारी आम्ही पुन्हा तिथेच. यावेळी दिनेश स्वतःहून बसला.

मी कागद मांडला आणि बोलत सुटले. एकदा मी बोलायला लागले की मला आवरत नाही, हे माझी सासूसुद्धा सांगेल. “हे बघा साहेब, मंगळवार. काम काय आहे याला? काही नाही. बुधवार. काही नाही. सही? सोमवारची चालते. वारा आला? बेन आहे. त्याचं कार्ड हे घ्या, गेट पास हा घ्या. मला सांगा, दिनेशवाचून कुठे अडतंय? तीन दिवस नाही तर आठवडाभर नसला तरी कुणाला कळणार नाही.”

साहेबांनी कागद वरखाली केला. “बेनचं कार्ड आहे हे मला कुणीच कसं सांगितलं नाही?”

“विचारलं नाहीत म्हणून.”

“ठीक आहे. सांगतो मंदूबला.” मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणारा माणूस.

“सांगू नका. आत्ता, माझ्यासमोर करा. मी बसते.”

मी बसले. मंदूब आला, कुरकुरला, मोबाइल काढला. अर्ध्या तासाने दिनेशच्या फोनवर मंजुरी आली आणि माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, पोरगा आता नाचेल.

गाडीपाशी आलो तरी तो हेल्मेटचा पट्टाच उलटसुलट करत होता. मी म्हटलं, “अरे, तोंड का पाडलंस? झालं ना काम!”

“झालं ताय. दहा वर्षं झाली मला इथं. एका शटडाऊनला सुट्टी घेतली नाय. आई आजारी होती तेव्हापन नाय. साहेब बोलायचे, दिनेश गेला तर काम बंद पडंल. मला वाटायचं खरंच हाय. आणि तुमी अर्ध्या तासात दाखवून दिलात की माझ्यावाचून काय अडत नाय.”

“अरे, ते रजेसाठी बोलले मी!”

“पन खोटं नव्हतं ना त्यात काय?”

नव्हतं. हीच तर पंचाईत होती. माझ्या धंद्यात हे रोजचं आहे. सकाळी दुबईला लिहायचं की असा हात आखातात दुसरा नाही, आणि दुपारी अहमदीत सांगायचं की हा नसला तरी चालतंय. मला त्याची इतकी सवय झाली होती, की तो समोर बसलाय आणि ऐकतोय हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला स्वतःची खूप लाज वाटली. पण माफी मागायला गेले तर तो म्हणाला, “ऱ्हावंदे ताय,” आणि बसकडे चालायला लागला.

सोमवारी त्याने सगळे टॅग तपासले आणि दुपारच्या विमानाने गेला. मला मेसेज एकच, “पोचलो.”

मंगळवारी पहाटे वारा सुटला. असा तसा नाही, अबू हलीफातल्या आमच्या गॅलरीतली कपड्यांची दोरी तुटली. मी साडेपाचला बेनला फोन लावला तर तो सांगाड्यावर चढलेला होता. नऊच्या सुमाराला सगळे टॅग पुन्हा हिरवे झाले आणि फिटर वर गेले. साहेबांनी मला स्वतः फोन करून सांगितलं. आवाज खुशीत होता. मीही खूश झाले. तिथेच मला संशय यायला हवा होता.

ट्रायलचा निकाल शनिवारी आला. दिनेशला राखीव पिचर म्हणून एका सीझनसाठी घेतलं होतं. सीझन एक महिन्याचा. दुबईच्या माणसाने मला सुचवलं, “त्याला राजीनामा द्यायला सांगा, फुल टाइम प्रॅक्टिस करू दे.” मी विचारलं, “पुढच्या वर्षीचं काय लिहून देता?” तो म्हणाला, “पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.” मी म्हटलं, “मग राजीनामाही पुढच्या वर्षी.” दिनेशनेही मान डोलावली. नोकरी सोडायची नाही, महिनाभर बिनपगारी रजा घ्यायची, असं ठरलं.

रजा मागायला गेलो, तर केतकर साहेब म्हणाले, “महिना कशाला, जाऊ दे की त्याला कायमचाच. बेन फोरमनही आहे आणि इन्स्पेक्टरही. दोन माणसं कशाला? हे मी नाही म्हणत हं, हे तुमचंच म्हणणं आहे.” आणि माझाच कागद माझ्यासमोर ठेवला. माझ्या अक्षरात, पिवळ्या हायलायटरने रंगवलेला.

माझं डोकं असं फिरलं! पण कुणावर चिडणार? कागद माझाच होता. दिनेश माझ्याकडे बघत होता. त्याच्या गावाकडचं घर या नोकरीवर चाललं होतं, आणि ती नोकरी मी माझ्या हाताने धोक्यात घातली होती.

“साहेब, उद्या येते,” म्हटलं आणि उठले. बाहेर आल्यावर आधी दिनेशला थांबवलं. “ऐक. उद्या मी आत काय बोलणार आहे ते तुला आत्ता सांगते. पटलं नाही तर मला इथेच सांग.” सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “त्या मंगळवारी बेनची गँग काय करत होती, ते पन विचारा.”

हे मला सुचलं नव्हतं. बेनला विचारलं, तर त्याने सरळ सांगितलं, “मॅडम, मैं ऊपर टॅग देख रहा था, मेरा गँग नीचे खाली बैठा था. चार घंटा. एक दिन ओके. रोज करूंगा तो फोरमन का काम कौन करेगा?” हेच मी त्याच्याकडून लिहून घेतलं. खाली त्याची सही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ते वाचलं. मग जुना कागद शेजारी ठेवला. “मॅडम, त्या दिवशी म्हणालात याच्यावाचून अडत नाही. आज म्हणताय अडतं. यातलं खरं कुठलं?”

“दोन्ही. तारखा बघा ना साहेब. पहिला कागद शेड्यूलमधल्या रिकाम्या दिवसांचा आहे. बेनचा हा कागद रोजच्या कामाचा आहे. काढायचं काम चालू असताना बेनला टॅगवर घाला आणि गँग किती वेळ बसून राहते ते मोजा. क्लायंट तुम्हाला विचारेल, मला नाही.”

त्यांनी दोन्ही कागद पुन्हा ओळीवर बोट ठेवून वाचले. मी मध्ये तोंड घातलं नाही. हे मला फार कठीण जातं.

“रजेचा महिना कुठला?” शेवटी त्यांनी विचारलं.

“शटडाऊन नसलेला.”

“लिहून आणा. सही करतो.”

“आणलंय.” मी पर्समधून काढलं. परतल्यावर हीच पोस्ट, हाच ग्रेड, असं त्यात स्पष्ट होतं. साहेब पहिल्यांदाच हसले. सही केली.

दिनेश सीझन खेळून आला. राखीवच राहिला, पण शेवटच्या काही मॅचमध्ये त्याला उतरवलं. पुढच्या सीझनला पुन्हा बोलावलंय, आणि सध्या तो रोज सकाळी अहमदीत पाइप ठोकून बघतो आणि टॅगवर सही करतो. दरम्यान माझ्याकडे त्याच्यासारखे आणखी दोघं आलेत, एक क्रेन ऑपरेटर आणि एक एसीवाला.

मी यातून एकच गोष्ट शिकले. खेळाडू खोलीत बसलेला असताना त्याच्याबद्दल जे बोलायचं, ते आधी बाहेर त्याला सांगायचं. दोन मिनिटं लागतात. मी ती वाचवायला गेले आणि एका माणसाची दहा वर्षांची समजूत अर्ध्या तासात मोडून बसले.

आता मीटिंगला आत जायच्या आधी दिनेश स्वतःच मला जिन्यात अडवतो. विचारतो, “ताय, आज मी कोन? लागनारा, का नसला तरी चालनारा?” मी सांगते. मग तो हेल्मेट काखेत घेतो आणि माझ्या आधी आत जाऊन बसतो, खुर्चीला पाठ टेकून.