मागचं उघडं ठेवा

हसायचं असेल तर आधीच पोटभर हसून घ्या बायांनो. फजिती माझीच आहे आणि मधे थांबून थांबून सांगायचं त्राण आता माझ्यात उरलेलं नाही. चहा मात्र निवू देऊ नका. हल्ली साखर कशी मिळते ते माझं मला ठाऊक!

तर लढाई जोरात होती तेव्हाची गोष्ट. इथल्या दवाखान्यात जखमी जवान यायला लागले होते आणि त्यांच्यासाठी कपडे शिवायचं काम आपल्या लष्कर भागातल्या बायकांनी पत्करलं होतं. आमच्या आळीत शिवणाचं मशीन कुणाकडे? एकट्या माझ्याकडे! मग काम कुणाच्या गळ्यात पडणार? सकाळी घरभराचा स्वयंपाक, दुपारी धुणी-भांडी, त्यात ग्वाल्हेरचा उन्हाळा, आणि वर हे देशकार्य. पाय मशीनवर नि डोळे मिटलेले, अशी शिवायची मी.

एक दिवस दवाखान्याचा अर्दली गनेसी गाठोडं घेऊन आला. पुढच्या बोळात टांगा वळेना, म्हणून मागच्या दाराशी येऊन उभा. माझे दोन्ही हात कणकेत.

"बाईजी, मरीजों के कुरते हैं. कटे हुए हैं, बस सीना है. और सुनो, पीछे खुल्ला रखना."

मी म्हटलं, "खुल्ला?"

"हाँ, एकदम खुल्ला. बंद मिला तो डाक्टर साब मेरी जान खा जाएँगे."

आता तुम्हीच सांगा! माणूस मागच्या दारात उभा राहून सांगतोय की मागचं खुल्लं ठेवा. मी काय समजणार? मला वाटलं, कपडे न्यायला हा इथूनच येणार. दार बंद असलं तर बिचाऱ्याचा खोळंबा होईल. म्हटलं, "जा भैया, बेफिकीर जा. रात्रंदिवस खुल्लं ठेवीन."

आणि ठेवलं हो!

पहिल्या दिवशी कुत्र्याने दुधात तोंड घातलं. दुसऱ्या दिवशी कुणाची तरी शेळी आत शिरली आणि वड्यांसाठी भिजवलेली डाळ फस्त करून गेली. सासूबाई कडाडल्या, "अगं मथे, ते दार लाव आधी!"

"नाही लावायचं सासूबाई. डॉक्टरांचा हुकूम आहे."

"का? दाराला ताप आलाय?"

म्हटलं, देशासाठी थोडी डाळ गेली तर गेली.

इकडे गाठोडं सोडून बघते, तर सदऱ्यांचा बेत काही और! समोरून गळ्यापर्यंत एकसंध कापड आणि पाठीला दोन फाळके मोकळे. सोबत नाड्यांचा हा एवढा गुंडा. मदतीला शेजारच्या जाधवीणकाकू आल्या होत्या. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पलटणीची नोकरी. त्यांनी सदरा उजेडात धरला आणि नाक मुरडलं.

"मथूवहिनी, पाठ उघडी?"

"बेतणारा झोपेत असेल हो काकू."

"झोपेत असो नाही तर नशेत असो, आमच्या घराण्यात आजवर कुणी पाठ दाखवलेली नाही! शिवून टाका."

मग काय, पेटलो आम्ही! साधं रीळ बाजारात मिळेना, तर काकूंनी टोपी बाजार पालथा घालून तंबू शिवायचा दोरा आणला. मशीनला जाड सुई लावली आणि एकेका पाठीवर दुहेरी शिवण मारली. मानेमागे तेवढी चार बोटं फट ठेवली, डोकं जाण्यापुरती. नाड्यांचं काय करायचं? पाठच बंद झाल्यावर नाड्या कशाला? वाटून टाकल्या आळीत. घराघरातल्या पोरांच्या चड्ड्यांना नव्या कोऱ्या नाड्या लागल्या. सगळ्यांनी मला दुवा दिला.

गनेसी कपडे न्यायला आला, तो पुढच्या दाराने!

मी चिडले. "अरे, तुझ्यासाठी मागचं दार उघडं ठेवून दूध गेलं, डाळ गेली!"

"मेरे लिए? काहे को?" तो माझ्याकडे बघतच राहिला. मग ऊन लागलं असेल बाईला, असं तोंड करून गाठोडं उचलून गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. "बाईजी, डाक्टर साब ने बुलाया है. अभी के अभी."

मला वाटलं, सत्कार! जाधवीणकाकूंनाही तेच वाटलं. मी ठेवणीतलं लुगडं नेसले, नथ घातली. काकूंनी तर येताना गजरा घेतला. टांग्यात बसून मी मनातल्या मनात दोन शब्द जुळवले सुद्धा, 'आमचं कसलं काय, खारीचा वाटा,' वगैरे.

दवाखान्यात डॉक्टर वाट बघत होते. आपलेच मराठी, वयस्कर, आणि माझ्याहून थकलेले दिसत होते. समोरच्या खाटेवर एक जवान बसला होता. दोन्ही हात प्लास्टरमध्ये, आणि आमचा सदरा डोक्यात अर्धा अडकलेला. शेतातलं बुजगावणंच!

"बाई," डॉक्टर म्हणाले, "हा सदरा घालायचा कसा?"

"डोक्यातून."

"आणि ज्याचे हात वर होत नाहीत त्याने? ज्याला उठून बसता येत नाही त्याने?"

मी काकूंकडे बघितलं, काकूंनी गजऱ्याकडे.

"पाठ मोकळी असली की पडल्या पडल्या समोरून हात घालता येतात, मागे नाडी बांधली की झालं. म्हणून तर मागून खुला ठेवा म्हणून निरोप पाठवला होता."

"सदरा होय?" मी म्हटलं. "मी दार ठेवलं."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. सदऱ्यातून मात्र खुसखुस ऐकू आली. जवान हसत होता, आणि हसताना कळ येऊन "आई गं" म्हणत होता. त्या "आई गं"ने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी जखमींची आणखी एक गाडी यायची होती. त्यांच्या अंगात घालायला दुसरं काही नव्हतं. काकू धावल्या आळीत, पोरांच्या चड्ड्यांतून नाड्या काढायला. त्या दिवशी आमच्या आळीतलं प्रत्येक पोर एका हाताने चड्डी धरून हिंडत होतं म्हणे! आणि मी दवाखान्याच्याच व्हरांड्यात बसले उसवत. तंबूचा दोरा तो! बोटं सोलली, पण शिवण हटेना. वर लूच्या गरम झळा अशा वाहत होत्या की भट्टीचं तोंड उघडलेलं बरं. निम्मा ढीग झाला असेल नसेल, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी आडवी.

शुद्धीवर आले ती बायकांच्या वॉर्डात. कुणीतरी डोक्यावर घडाभर पाणी ओतलेलं, ठेवणीतलं लुगडं चिंब. खरं सांगू? कुणी ऊठ म्हणत नव्हतं, कुणी वाढ म्हणत नव्हतं. मला वाटलं, असंच पडून राहावं.

तिथली नर्स मला ओळखत नव्हती. तिने ओले कपडे बदलायला व्हरांड्यातल्या ढिगातला एक सदरा मागवला आणि मला उठवून बसवून डोक्यातून चढवला. तो नेमका न उसवलेला! नथ अडकली, अंबाडा अडकला, दोन्ही हात वर तसेच राहिले. नर्स खाली ओढते, वॉर्डातली आया वर ओढते, आत माझा जीव गुदमरतोय. दोघींनी मिळून पाठ फाडायला घेतली. शिवण काही तुटेना!

"हे भगवान!" नर्स धापा टाकत ओरडली. "किसने सिला है ये?"

काकू नाड्या घेऊन नुकत्याच दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या तोंड उघडायच्या आत मीच आतून ओरडले,

"होगी कोई मूरख! पहले कैंची लाओ!"