देठाकडची चकती

सुपडू चालताना सदऱ्याचं वरचं बटण चाचपायचा. स्वतः बिडी ओढत नसे, पण दुसऱ्याची विझलेली बिडी आवर्जून पेटवून द्यायचा. तोंडात घेतलेलं कधी थुंकायचा नाही. आईने लावलेली सवय. आणि काकडी तोडली की कमरेच्या चाकूने देठाकडची पातळ चकती कापून चावायचा. कडू लागली तरी गिळायचा. कडू काकडी बैलासाठी बाजूला, गोड काकडी टोपलीत.

सारंगखेड्याला तापीचं पाणी ओसरलं की तो वाळूत काकडीची वाडी करी. आम्ही सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. मी पुढे साहित्य घेऊन बी. ए. झालो. तो वाळूत राहिला.

शहाद्याच्या बाजारात देठ छाटलेली काकडी म्हणजे सुपडूची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारी मिरच्या विकणारी दगूबाई त्याला डिवचायची, "अर्धी खाईसन ईकस का रे, मुडद्या?"

"कडू मी खास, आक्का. गोड तू खाय."

छप्पन साली लाल भुंग्यांनी त्याचे कोवळे वेल चाळणीसारखे करून टाकले. त्याने शहाद्याहून पांढऱ्या पावडरीचा डबा आणला. डब्यावर सगळं इंग्रजी.

"बी. ए., वाच बरं, काय लिखेल शे."

मी वाचलं. विषारी आहे, फळ धुतल्याशिवाय खाऊ नये, असं लिहिलं होतं. मी त्याला सांगितलं, "इख शे. धोया बिगर ईकू नको."

"नदी मन्ही शे. धुईसनच ईकसू."

तो फडक्याच्या पुरचुंडीतून पावडर वेलांवर झटकायचा. भुंगे गेले. टोपल्या भरल्या की नदीत बुडवून एकेक काकडी चोळायचा. मला बरं वाटायचं.

तिसऱ्या हंगामात त्याच्या पोटात कळा सुरू झाल्या. मग उजवा पंजा मनगटातून लोंबू लागला. चाकू धरवेना. लोक म्हणाले, चोरून पीत असेल. त्याची बायको सिंधुबाई आणि मी त्याला धुळ्याला एका डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी त्याचा ओठ वर केला. हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ होती.

"मिशरी लावतो का?"

"नई हो. काहीच नई," सिंधुबाई म्हणाली.

त्यांनी कामाचं विचारलं. पावडरीचं कळल्यावर डबा मागितला. दुसऱ्या दिवशी मी तो नेला. पावडरीत शिसं आणि सोमल, दोन्ही विषं आहेत, असं त्यांनी सांगितलं. मग लिहिलेलं वाचून माझ्याकडे पाहिलं.

"धुवून खावं, असं लिहिलंय."

खाटेवरून सुपडू म्हणाला, "साहेब, बिगर धोएल एक बी काकडी ईकेल नई मी."

"आणि चाखायचास कुठे?"

"वाडीम्हा. तोडताच. कडू माल नदीलोंग कशाले वहाना?"

पावडर देठाच्या खळग्यात साठते, डॉक्टर हळू म्हणाले. मी डबा पुन्हा वाचला. डब्यावर 'खाऊ नये' होतं. मी 'विकू नको' म्हणालो होतो. त्याने माझा शब्द तंतोतंत पाळला होता.

तो नऊ दिवसांनी गेला. आदल्या दिवशी माझा हात धरून म्हणाला, "चिंध्या बांधनं ऱ्हाई गयं रे."

त्या वर्षी त्याने नवं काम काढलं होतं. ज्या वेलाची एकही काकडी कडू निघाली नाही, त्याला तो लाल चिंधी बांधायचा. त्याच वेलांवरच्या काकड्या पिकू देऊन बी धरायचं होतं. "सगळी वाडी गोड व्हई गई, का चाखानी गरजच नई," असं तो म्हणायचा.

वाडीत सात ओळी होत्या. चिंध्या पाचवीच्या मध्यापर्यंत होत्या. उरलेल्या चिंध्यांचं गाठोडं सिंधुबाईने माझ्या हातात दिलं. मी पाचव्या ओळीत उभा राहिलो. पुढचे गोड वेल कोणते, ते चाखल्याशिवाय कळणार नव्हतं.