तालमीच्या फळ्यावर अमेरिकेचा अध्यक्ष

अन्याय झाला तो आमच्या तालमीसमोर म्हशींची धार काढून दूध विकणाऱ्या काकूंवर. झाला सोमवारी सकाळी अकरा वाजता, पालिकेच्या विभागीय कार्यालयातल्या बाकावर. अमेरिकेचा नवा अध्यक्ष त्याच दिवशी शपथ घेणार होता, म्हणून वार पक्का लक्षात आहे. अन्याय करणाऱ्याचं नाव मी लिहीत नाही, पद लिहिते: विभागीय अधिकारी. नाव लिहिलं तर तुम्ही म्हणाल, असतो एखादा तसला. पद लिहिलं की तुम्हाला तुमचा आठवेल.

कोल्हापूर न पाहिलेल्यांसाठी एवढं सांगते. आमच्याकडं सकाळ-संध्याकाळ म्हशी चौकात येतात. गिऱ्हाईक ग्लास घेऊन उभं राहतं, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि ते फेस मिशीला लावून दूध तिथंच पितं. ह्याला कट्टा म्हणतात. पैलवान पितात, रिक्षावाले पितात, फिरायला निघालेले रिटायर मास्तर पितात. आमच्या कट्ट्यावर काकूंच्या दोन म्हशी. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच आणतात, एकट्याच नेतात. त्या जागेवर दुचाक्यांचं पार्किंग करायचं ठरलं. हरकत असेल तर सोमवारी अकरा वाजता सुनावणीला या, असा कागद आला. हरकत मी लिहून दिली. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकंच लिहीत आलेय, पाणीपट्टीपासून पॅलेस्टाईनपर्यंत. हरकत कसली, जवळजवळ पत्रकच झालं ते.

आम्ही अकराच्या आधीच जाऊन बसलो. काकूंनी लग्नाकार्याची साडी नेसली होती. धार काढून थेट आल्यामुळं हाताला दुधाचा वास होता आणि तो लपवायला त्या हात पदरात धरून बसल्या होत्या. साहेबांची खोली बंद. शिपाई म्हणाला, येतील. मग म्हणाला, मीटिंगमध्ये आहेत. कुठं मीटिंग आहे विचारलं तर म्हणाला, ते आम्हाला सांगत नाहीत.

वेळ जाईना म्हणून मी मोबाईल काढला. अमेरिकेच्या नव्या अध्यक्षाचा दिवसभराचा कार्यक्रम छापून आला होता. काकूंना वाचून दाखवला. सकाळी चर्चमध्ये प्रार्थना. मग मावळत्या अध्यक्षाच्या घरी चहा. बारा वाजता शपथ, नंतर जेवण, पुढं मिरवणूक, रात्री नाच.

काकू मन लावून ऐकत होत्या. "जुना नव्याला चा पाजतोय?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "आमच्या भावकीत न्हाय बाई असलं काय," त्या म्हणाल्या. मग बंद दाराकडं बघत म्हणाल्या, "त्येचं सगळं कळतंय म्हणजे. हेंचंच कळंना."

आता हे स्पष्ट करते, नाहीतर आमचेच कार्यकर्ते मला धरतील. मला अमेरिकेचं कौतुक नाही. माझी पत्रकं काढून बघा, अमेरिकेला शिव्याच जास्त आहेत. त्या छापील दिनक्रमात सगळं खरं असतं असंही मी मानत नाही. बंद दाराआडच्या बैठकीत काय चालतं ते त्यात थोडंच लिहितात? पण जगातला सगळ्यात माजोरी माणूससुद्धा रोज सकाळी, मी अकराला इथं आणि तीनला तिथं, असं छापून देतो. आणि आमच्या विभागीय साहेबाच्या शिपायालाही साहेब कुठं ते माहीत नसतं.

दुपारी एक लेखनिक बाहेर आला आणि काकूंच्या हातात कागद ठेवून गेला. सुनावणी झाली होती. कागदावर लिहिलं होतं: अर्जदार गैरहजर, हरकत निकाली. पुढच्या सोमवारी खांब रोवून जागा बंद करणार.

काकूंना वाचता येतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. "आगं, मी हितंच बसलोय की," त्या म्हणाल्या. आमच्याकडं बायकाही असंच बोलतात, बसलोय, आलोय. लेखनिक केव्हाच आत गेला होता, म्हणून त्या हे बाकाला, भिंतीला आणि मला सांगत होत्या. गैरहजर होते साहेब. सही साहेबांची. आणि शेरा मात्र काकूंवर.

त्या दिवशी मी आरडाओरडा केला. त्यानं काही झालं नाही, म्हणून तो इथं लिहीत नाही.

आता फळ्याचं. तालमीच्या दारात एक काळा फळा आहे. त्यावर दोनच गोष्टी लिहायच्या असा वस्तादांचा दंडक: कुस्तीचं मैदान कुठं आहे ते, आणि कोण वारलं, रक्षाविसर्जन किती वाजता ते. कोल्हापुरात मेलेल्या माणसाची बातमी पेपरच्या आधी चौकातल्या फळ्यावर येते. माझं अक्षर बरं म्हणून दोन वर्षांपासून खडू माझ्याकडं आहे. मंगळवारी सकाळी कुणी मेलेलं नव्हतं आणि मैदानही नव्हतं. फळा मोकळा होता आणि माझं डोकं भरलेलं होतं. मी लिहिलं:

अमेरिकेचे नवे अध्यक्ष. आज सकाळी ११ वाजता गुप्त खबरांची बैठक. दुपारी १ वाजता जेवण. ३ वाजता आदेशांवर सह्या.

खाली लिहायचं होतं की असंच आपल्या साहेबांचंही कळलं पाहिजे. तेवढ्यात खडू संपला. आणायला आत गेले आणि बाहेर आले तर चारपाच जण टोप्या काढून उभे.

"कधी गेलं?" एका रिक्षावाल्यानं विचारलं.

"कालच शपथ घेतली की हो त्यांनी," मी म्हटलं.

"आरारा," तो म्हणाला, "खुर्ची सोसली न्हाई."

चूक त्यांची नव्हती. आमच्या माणसाला गाडीवरून जाता जाता फळा वाचायची सवय आहे. वर नाव, खाली अकरा वाजता, म्हणजे गेला. एका मास्तरांनी तर रक्षाविसर्जन इतक्या लवकर कसं, आणि तेही दहनाशिवाय, असा शास्त्रार्थ काढला. वस्ताद आले, त्यांनी फळा वाचला आणि माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता खडू जातोय. त्यांनी फक्त विचारलं की हे कशासाठी. मी काकूंचा कागद दाखवला. वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं, दुधाचा ग्लास संपवला आणि म्हणाले, "राहू दे."

तेव्हापासून रोज सकाळी मी अध्यक्षाचा दिनक्रम फळ्यावर लिहायला लागले. कट्ट्याला त्याचा नादच लागला. कुणी विचारायचं, आज सह्या किती वाजता. कुणी म्हणायचं, एवढ्या बैठका घेऊन माणूस जेवतो कधी. एक पैलवान रोज त्याच्या दिनक्रमात व्यायाम शोधायचा, तो सापडला नाही की मान हलवायचा. वस्ताद म्हणाले, तिकडं आता रात्र आहे, ते झोपलंय. मी म्हटलं, झोपलेल्याचा पत्ता आहे वस्ताद, आपल्या जाग्या असलेल्याचा नाही. काकू धार काढता काढता हे ऐकायच्या. हसायच्या, पण हात थांबला की नजर त्या जागेवरच जायची, जिथं सोमवारी खांब येणार होता. म्हशी सवयीची जनावरं असतात. जागा बदलली की पान्हा चोरतात. आणि दुसरा चौक मिळणार कुठून? सगळे चौक कुणाकुणाच्या म्हशींनी कधीच धरलेले आहेत.

रोज दुपारी मी कार्यालयात जाऊन यायची. साहेब कधी साइटवर, कधी वर, कधी आत्ताच गेले. फोन उचलत नव्हते.

शनिवारी मी अध्यक्षाला पुसलं. त्याच्या जागी मोठ्या अक्षरांत लिहिलं: विभागीय अधिकारी साहेब. आजचा दिनक्रम. खाली वेळा लिहिल्या आणि प्रत्येक वेळेपुढं जागा कोरी सोडली. शेवटी बारीक अक्षरांत: कुणास माहीत असल्यास भरावे.

शनिवार म्हणजे मारुतीचा वार. तालमीतल्या मारुतीला झेंडूचे हार येतात आणि एखादा उरला की पोरं तो फळ्याला घालतात. दर शनिवारी घालतात. त्या शनिवारीही घातला. मी तो काढला नाही. काढायला हवा होता असं सांगणारे पुष्कळ भेटले. त्यांना मी विचारते, त्या कोऱ्या जागा भरायला तुमच्यातला एक तरी पुढं आला का?

कुणीतरी फोटो काढला. वरची ओळ आणि हार, एवढाच आला असणार. तो फिरत फिरत कुठंकुठं गेला ते मला माहीत नाही, पण उन्हं चढली तोवर तालमीसमोर एक जीप उभी राहिली. पांढरे कपडे घातलेली चारपाच माणसं उतरली. नेसरी गावाहून आली होती. पुढचे म्हातारे गृहस्थ फळ्यासमोर गेले, हात जोडले आणि डोळे पुसायला लागले.

"पावणं, कुणाकडं?" वस्तादांनी विचारलं.

"साहेबांचा सासरा मी," ते म्हणाले. "कधी उचलणार हाय?"

वस्तादांच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग त्यांनी म्हाताऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "ते गेल्यालं न्हाईत, पावणं. सापडंनात झाल्यात."

काकूंनी धार सोडून खुर्ची आणली, पाणी दिलं, मग दूध दिलं. सासऱ्यांनी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. आठवडाभर आम्ही लावत होतो त्याच नंबरवर.

साहेब आले ते घरच्या कपड्यांत, पायात रबरी चपला. आल्या आल्या फळ्याकडं धावले आणि हार ओढून काढला. हा काय प्रकार आहे, कुणी लिहिलं, मी तक्रार करीन, जिवंत माणसाला मारता म्हणजे काय, असं एका दमात बोलले. बोलताना आवाज चिरकत होता. खरं सांगते, त्यांची बायको घरी ह्या बातमीनं हादरली असणार हे माझ्या मनात आलं आणि मी गप्प राहिले. मी गप्प राहिले म्हणून बरं झालं. काकू बोलल्या.

त्या उठल्या. ह्या वेळी हात पदराखाली नव्हते.

"साहेब, तुमी जित्तं हायसा, आनि तुमास्नी फळ्यावर कुणी मेलं म्हटलं तर केवढा राग आला," त्या म्हणाल्या. "त्यो राग बरोबर हाय. पर मी बी हजर हुतो. तुमच्या दारात बसलोतो. तुमी मला कागदावर गैरहजर मारलंसा. फळा पुसता येतोय. माझा कागूद कसा पुसू?"

 

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग काकूंकडं, मग त्या कोऱ्या वेळांकडं. सोमवारी कार्यालयात या, असं काहीतरी ते पुटपुटले. आधी आल्या होत्या की, असं दोघातिघांनी एकदमच सांगितलं. तेव्हा सासरे खुर्चीतून म्हणाले, "जावईबापू, येळ सांगा. नुसतं या म्हनू नका."

साहेबांनी वेळ सांगितली. वस्तादांनी मला खूण केली. मी साहेबांच्या समोरच कोऱ्या जागेत लिहिलं: सोमवार, सकाळी ११, काकूंची हरकत, साहेब हजर. त्यांनी ते वाचलं, पण पुसा म्हणाले नाहीत. काकूंनी त्यांच्यापुढंही ग्लास केला. त्यांनी नको म्हटलं, सासऱ्यांनी डोळे वटारले आणि मग ते प्याले. फेस मिशीला लागला.

सोमवारी साहेब अकराच्या आधी खुर्चीत होते. नसते तर विचारायला निम्मी पेठ बाहेर उभी होती. काकूंनी स्वतःच सांगितलं सगळं. माझं पत्रक काढायचीही गरज पडली नाही. त्यांनी एवढंच मागितलं की म्हशी सकाळी आणि संध्याकाळी उभ्या राहतात, मधला दिवस गाड्यांना घ्या. इतकी साधी गोष्ट. आठवडाभर आधी ऐकायला काय झालं होतं? जुना शेरा रद्द झाला आणि खांब कट्ट्याच्या पलीकडं रोवले गेले. आज तुम्ही आलात तर काकू त्याच जागी दिसतील. दुपारी तिथं दुचाक्या असतात.

अध्यक्ष आता फळ्यावर नसतो. पैलवान अधूनमधून विचारतो, त्यानं व्यायाम सुरू केला का. त्याच्या जागी साहेबांचा दिनक्रम असतो. शिपाई रोज सकाळी दूध प्यायला येतो आणि सांगून जातो. रागानं सांगतो, पण सांगतो. ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी मी वेळा लिहिते आणि जागा कोऱ्या सोडते. त्या दिवशी दुपारपर्यंत कुणीतरी येऊन भरतंच.

आता तुमच्याकडं वळते. हे वाचून हसला असाल तर चांगलं, पण हसून उठू नका. तुमच्याही चौकात फळा आहे, आणि तुमचंही कुणीतरी एका बंद दारासमोर धुतलेली साडी नेसून बसलंय. उद्या सकाळी खडू घ्या. वर तुमच्या साहेबाचं पद लिहा, खाली वेळा लिहा, आणि त्यांच्या कार्यालयात जाऊन विचारा: साहेब आज कुठं आहेत? उत्तर मिळेपर्यंत फळा पुसू नका.