‘गो’ म्हणायला तयार नसलेली भाविका

मागच्या गुरुवारी सकाळी डहाणूच्या एका चिकूवाडीतल्या रिसॉर्टवर बाकावर बसून होते. समोरच्या व्हरांड्यात माझ्या विद्यार्थिनीचा, भाविकाचा इंटरव्ह्यू चालला होता आणि घाम मला फुटला होता...

भाविका जवळच्या नरपड गावची. नवरा मासेमारीच्या बोटीवर, सासू सुकी मासळी विकते. बारावी झालेल्या या पोरीला रिसॉर्टच्या रिसेप्शनवर नोकरी हवी होती. आधी एका ठिकाणी इंग्लिशमध्ये काहीतरी विचारलं आणि हिची दातखीळ बसली, हात हलवत परत आली. तेव्हापासून "तुला काय जमणार" हे घरीदारी ऐकून रडकुंडीला आली होती बिचारी. आता ही दुसरी संधी.

मी स्टेशनजवळ घरीच इंग्लिश बोलायचा क्लास घेते. पद्धत जुनीच... एक शब्द घ्यायचा, त्याचा अर्थ, मग त्याचे सगळे भाऊबंद, आणि लगेच वाक्यात बोलून दाखवायचे. बिग झालं की लार्ज, ह्यूज. हॅपी झालं की ग्लॅड, प्लीज्ड. भाविका भराभर उचलायची. ‘टायर्ड’च्या जोडीला ‘एक्झॉस्टेड’ सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी सासूलाच ऐकवून आली होती.

गाडी अडली ती ‘गो’वर. इंटरव्ह्यू संपल्यावर उठताना काय म्हणायचं, याची प्रॅक्टिस चालली होती. मी म्हटलं, म्हण, "मे आय गो नाऊ?" ती गप्प. बरं, लीव्ह म्हण. गप्प. डिपार्ट? मान खाली.

मी तशी तापट. म्हटलं, अगं तोंडात मूग भरलेत का?

"मॅडम, तो दर्यात हाय," ती हळूच म्हणाली. "तो येईपर्यंत आमच्याकडे कोणी ‘जाते’ नाय बोलत. ‘येते’च बोलायचं."

आता निघताना "येते" आपण सगळेच म्हणतो. पण आपली ती सवय, यांच्या घरात तो नेम. बोट बाहेर असताना चुकून कुणी "जाते" म्हणालंच, तर सासू त्याला परत घरात बोलावते, घोटभर पाणी पाजते आणि नव्याने निघायला लावते.

मी समजावलं... मराठीत ठीक आहे गं, इंग्लिशमध्ये कसला आलाय अपशकुन? दर्याला कुठे इंग्लिश कळतं?

"नाय कळत, हे तुमाला म्हाईत हाय का?"

शेवटी तोडगा काढला. नुसतं "थँक यू, मॅडम" म्हणायचं आणि उठायचं. ती कबूल झाली.

तर गुरुवारी. वाडीची मालकीण एक वयस्कर पारशी बाई, जन्म डहाणूच्या किनाऱ्यावरच गेलेला. बोलणं फर्ड्या इंग्लिशमध्ये, नजर करडी... तिच्यासमोर भल्याभल्यांची बोबडी वळते. शेजारी मुंबईहून आलेला तरुण मॅनेजर.

भाविका छान बोलत होती हो. पाहुण्याने खोली अस्वच्छ असल्याची तक्रार केली तर काय म्हणशील, असं विचारलं. तिने सॉरी म्हटलं, वर अपॉलोजाइज पण म्हटलं. मी बाकावर बसल्या बसल्या स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

मग बाई म्हणाली, "ओके, यू मे गो नाऊ."

भाविका उठली. थँक यू म्हणाली. ठरल्याप्रमाणे इथेच संपायला हवं होतं... पण बाईच्या तोंडून ‘गो’ आला होता, आणि तो तसाच अंगावर घेऊन तिचा पाय व्हरांड्याबाहेर पडेना. ती वळली, हात जोडले आणि म्हणाली, "आय कम, मॅडम."

मॅनेजर फिस्सकन हसला. "कम? यू मीन गो."

"नो सर. आय कम." बया काही शब्द बदलेना. संपलं, मी मनात म्हटलं. इतके दिवस घासलं आणि शेवटच्या वाक्याला नोकरी घालवली. राग आला मला तिचा.

बाईने हात वर करून मॅनेजरला गप्प केलं. मग इंग्लिश बाजूला ठेवून तिने आपल्या पारशी मराठीत विचारलं, "तुज्या घरातला कोण दर्यात हाय?"

"नवरा," भाविका म्हणाली.

बाई मॅनेजरकडे वळली. "गेस्टला ‘जा’ बोलणारी कोण बी भेटेल. मला हीच पायजे. सोमवारपासून ठेव तिला." आणि भाविकाकडे बघून मान हलवत म्हणाली, "आवजो, दीकरी."

दीकरी म्हणजे लेक, आणि आवजो... म्हणजे या. निरोप देताना गुजरातीतही ‘या’च म्हणतात. डहाणूच्या बाजारात जन्मभर ऐकत आले मी हे. भाविकाने तिथल्या तिथे वाकून "आवजो" म्हटलं आणि बाहेर येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडली. मीही रडले, उगाच खोटं कशाला सांगू.

रविवारी सकाळी तिचा मेसेज आला. बोट किनाऱ्याला लागली, तो सुखरूप आहे. सोमवारी ती कामावर रुजू झाली.

मी शकुन-अपशकुन काही मानत नाही. पण गुरुवारपासून तो मेसेज येईपर्यंत मीही कुणाला "जाते" म्हटलं नाही... फोनवरसुद्धा नाही.