बाल्कनीच्या भोकातला बोळा

फोन जरा कानाशी नीट धरा. आणि आधी ते हसणं थांबवा बघू. वाळवंटात कसला आलाय पूर, असंच म्हणताय ना? नव्वदच्या दशकात आमच्या शारजाच्या गल्लीला पाणी वाहून न्यायला गटार म्हणून नव्हतं. एका शुक्रवारी सकाळी वादळ आलं आणि दुपारपर्यंत दारातल्या गाड्यांची चाकं पाण्याखाली गेली.

आम्ही पहिल्या मजल्यावर. खालच्या खोलीत गुहागरकडचा एक गवंडी राहायचा, मला वहिनी म्हणायचा. तीन वर्षांनी सुट्टी मिळालेली, रविवारचं विमान, घरी मुलीचं लग्न. लग्नाच्या सामानाचं खोकं दोरीने करकचून बांधून वर नाव-गाव लिहूनसुद्धा झालं होतं. खोलीत पाणी शिरलं तसं त्याने आधी ते उचलून कॉटवर ठेवलं. मी कोकणातली, पाऊस बघून अशी हरखले की खिडकीतून हललेच नाही.

मग खालून त्याची हाक आली. गेले तर छतातून खोक्यावर धार लागलेली. रस्त्याचं पाणी चुकवलं तर हे वरून आलं, म्हणाला. मी वर पाहिलं. वर माझीच बाल्कनी.

तेव्हा इकडे सगळ्याच बायका बाल्कनीतलं पाणी जायच्या भोकात बोळा कोंबायच्या, वाळू आणि झुरळं नकोत म्हणून. मी ह्यांचं जुनं बनियन गच्च कोंबलं होतं, आणि पाऊस सुरू झाल्यावर काढायचं सुचलंच नाही. बाल्कनीची टाकी झालेली. धावत जाऊन बोळा उपसला. हे म्हणाले, खलास, झालं ते झालं, तो पावसालाच दोष देतोय, तू कशाला सांगायला जातेस? अर्धा तास मी खाली गेलेच नाही. भात करपला तेवढ्यात.

शेवटी खाली गेले. खोक्यातल्या ब्लँकेटचा लाल रंग मुलीच्या साडीला लागला होता. तो साडी पिळत होता.

"पावसापुढे कुणाचं काय चालतं, वहिनी."

"पावसाचं नाही रे. भोकात बोळा मी घातला होता."

तो पिळतच राहिला. मग हळूच म्हणाला, "हा मोतिया रंग तिने पत्रात लिहून मागितला होता."

एवढंच. त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माझ्याकडे एक न नेसलेली साडी होती, अगदी मोतिया नाही, पण जवळची. ती नेऊन दिली. तो घेईना. लेकीच्या अंगावर उसनं नको म्हणे.

"उसनं कोण देतंय? काकूचा आहेर आहे. काकूला नाही म्हणतोस?"

त्याने हात लुंगीला पुसले आणि घेतली.

दोन महिन्यांनी पाकिटातून फोटो आला. पदर नीट बसलेला नाही, पण पोरगी तोंडभर हसतेय. फोनवर सांगून तो कळायचा नाही तुम्हाला, हातात घेऊनच बघायला हवा. दुबईहून येताना ट्रॅफिक लागतो ही सबब आता पुरे. या शुक्रवारी नाही तर पुढच्या, पण लवकर या, जेवायलाच.